बाईंच्या नावाचं पद

बाईंच्या घरी राहायला गेले त्या दिवशी दुपारी मला वाटलं, या घरात दोन बायका राहतात.

मी माझी पत्र्याची पेटी कोपऱ्यात लावत होते. मधल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि मग एक म्हातारा, घोगरा आवाज म्हणाला, “बाई, च्या झाला का?”

“ठेवलाय. उकळी येऊ दे,” स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या.

“साखर जरा जास्त टाका की.”

“माहीत आहे गं.”

नव्या माणसानं आपण होऊन ओळख करून घ्यावी, म्हणून मी पदर सारखा करून मधल्या खोलीत गेले. तिथे कुणी नव्हतं. टेबलावर एक करड्या रंगाचं मोठं यंत्र होतं आणि त्याची दोन चाकं सावकाश फिरत होती. बाई दोन कप चहा घेऊन आल्या. एक मला दिला, दुसरा यंत्राशेजारी ठेवला.

“ही करकंबची,” त्या म्हणाल्या. “जात्यावरच्या ओव्या सुरेख म्हणायची. चार ओव्या झाल्या की चहा मागायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन.”

यंत्राशेजारचा चहा त्यांनी नंतर स्वतःच प्यायला. निवलेला.

बाईंबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. मी मोहोळची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे शहरातली माणसं कशी वागतात हे मला ठाऊक नव्हतं. बाईंचं वागणं विचित्र होतं हे कळायलाही मला पहिलं वर्ष लागलं. तोपर्यंत मला वाटायचं, सोलापुरात शिकलेल्या बायका अशाच असतात.

वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. मराठीच्या सरांनी बाईंकडे पाठवलं. बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या होत्या, एकट्या राहत होत्या, आणि त्यांना खेड्यातली बोली समजणारं, चांगलं अक्षर असलेलं कुणी हवं होतं. खोलीचं भाडं नाही, बदल्यात गाणी उतरवून द्यायची. बाईंच्या हाताला कंप होता. पत्रंही मीच लिहायची आणि खाली ‘करिता’ म्हणून सहीही मीच करायची.

त्या वर्षांत शासनाची एक योजना होती. गावोगावची गाणी जमा करायची, त्यांतली निवडक गाणी तबकड्यांवर काढायची, आणि ज्यांची गाणी निवडली जातील त्यांना मान्यताप्राप्त कलावंत म्हणून पत्र आणि दरमहा मानधन द्यायचं. मुंबईच्या गाण्यांना कंपन्या होत्या, दुकानं होती. आमच्या भागातल्या गाण्यांना यातलं काही नव्हतं. ते उभं करायचं, असं परिपत्रकात लिहिलं होतं. आमच्या भागासाठी बाई मानद संग्राहिका होत्या. ध्वनिमुद्रणाचं ते करडं यंत्र शासनाचं, त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला. पगार काही नाही. फक्त तबकडीच्या वेष्टणावर संग्राहक म्हणून नाव छापलं जाणार होतं.

त्या नावाची बाईंना हाव होती. हे मी वाईट अर्थानं लिहीत नाही. “तीस वर्षं मुलींना प्रार्थना शिकवल्या,” त्या एकदा म्हणाल्या. “आता त्या रस्त्यात भेटतात आणि विचारतात, तुम्ही शिवण शिकवायचात ना?”

घरात अनवाणी चालायचं हा पहिला नियम. भिंतीवरचं घड्याळ बंद असायचं, कारण त्याची टिकटिक फितीवर येते. ध्वनिमुद्रणापूर्वी एक मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि यंत्र मात्र चालू. “आधी खोलीला बोलू दे,” बाई म्हणायच्या. त्या मिनिटाला घाम आला तरी पुसायचा नाही. सोलापूरच्या एप्रिलात हे सोपं नसतं.

लिहिण्यात माझी एक सवय होती. गाणारा ‘हाय’ म्हणाला तरी माझा हात ‘आहे’ लिहायचा. मला वाटायचं, सरकारी कागदावर असं गावंढळ कसं लिहायचं. बाईंनी तो कागद माझ्यापुढे टाकला. “तो हाय म्हणाला. तू त्याला शाळेत कशाला घालतेस?”

रोज दुपारी जेवण झालं की त्या एक डबा काढायच्या आणि फीत लावायच्या. माझ्या हळूहळू लक्षात आलं की त्या फक्त गेलेल्यांच्याच फिती लावतात. गाण्यांच्या मधे ती माणसं काहीबाही बोललेली असायची. कुणी पाणी मागायचं, कुणी विचारायचं, सून आत आली का. बाई भांडी आवरता आवरता उत्तरं द्यायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, जिवंत माणसांच्या फिती का लावत नाही?

“त्यांना काय, एस.टी.त बसून भेटता येतं.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कसली? ही माणसं काही मागत नाहीत. चहाच तेवढा मागतात.”

मला मात्र वाटायची. दुपारी कॉलेजातून परत येताना मी गल्लीच्या तोंडाशी थांबून कानोसा घ्यायची, आज घरात कोण आहे म्हणून.

अप्पा आमच्याकडे आले ते माझ्या दुसऱ्या वर्षी. अप्पा अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातले. घरात कानडी, बाहेर मराठी. त्या भागात काही घरांमध्ये माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात, आणि समोर बसून पदं म्हणतात. अप्पांकडे असं एक पद होतं, जे त्यांच्याखेरीज कुणाला येत नव्हतं. त्यात गेलेल्या माणसाला घराचा निरोप घ्यायला लावतात. चुलीचा घे, रांजणाचा घे, उंबऱ्याचा घे. प्रत्येक कडव्यात त्याला नावानं हाक मारतात. शेवटच्या कडव्यात हाक नसते. तेव्हा तो गेलेला असतो.

अप्पांची ही कला आता संपत आली होती. लोक भोंगा लावून भजनी मंडळ बोलवू लागले होते. मुलगा अक्कलकोट रोडला मागावर टॉवेल विणायचा, त्याला पदात रस नव्हता. अप्पांच्या घशात काहीतरी झालं होतं, गिळताना दुखायचं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षभरानं आवाज राहील याची खात्री देता येत नाही. मान्यता मिळाली तर औषधाची सोय होणार होती, पद तबकडीवर राहणार होतं. नाही मिळाली तर दोन्ही जाणार होतं. हे बाईंना माहीत होतं, अप्पांना माहीत होतं, आणि फिती पाठवायला पंधरा दिवस उरले होते.

अडचण अशी की अप्पांच्या गावात वीज नव्हती. यंत्र तिकडे नेऊन उपयोग नव्हता. शहरात माणूस गेलेल्या एका घरी बाईंनी विचारून पाहिलं. त्या घरच्या थोरल्या सुनेनं हात जोडले. “बाई, आमचं मानूस गेलंय. तुमची मशीन कुटं आनता?” बाईंनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

“मग इथंच म्हणा,” त्या अप्पांना म्हणाल्या. “या खोलीत.”

“न्हाय जमायचं. समोर कोन बसलंय?”

“मी आहे की.”

“तुमी जित्या हाव. जित्यापुडं हे पद म्हटलं तर मला पुन्ना कुनी दारात उबं करनार न्हाय.”

बाई उठल्या, आतून घडीचं पांढरं पातळ नेसून आल्या, भिंतीला पाठ लावून मांडी घातली आणि मला म्हणाल्या, “देवापुढची विभूती आण.”

मला वाटलं, अप्पा उठून जातील. ते गेले नाहीत. त्यांनी एकतारी मांडीवर घेतली, घशावरून हात फिरवला आणि हळू आवाजात विचारलं, “बाई, नीट इचार केलाय? मी म्हटलं की झालं. मागं फिरता येत न्हाय.”

बाईंनी डोळे मिटले. तेच उत्तर होतं, असं मला नंतर वाटलं.

विभूती मी लावली. बाईंचं कपाळ गार होतं. यंत्रही मीच चालवलं. पहिलं मिनिट खोलीचं. मी बाईंच्या पोटाकडे बघत होते, श्वास दिसतो का म्हणून. दिसत नव्हता. मग अप्पांनी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण नाव, जे मी तोपर्यंत फक्त पाकिटांवर लिहिलं होतं, आणि चुलीचा निरोप घ्यायला सांगितलं. ते पद कसं होतं हे मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की त्यांनी रांजण म्हटलं तेव्हा मी रांजणाकडे पाहिलं, आणि तो मला परका वाटला. शेवटच्या कडव्यात हाक नव्हती. एकतारी थांबली. “आयितु,” अप्पा कानडीत पुटपुटले. झालं.

बाईंनी डोळे उघडले, कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, “तिसऱ्या कडव्यात जरा घसरलात. पण पुन्हा नको. चहा घेणार?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरी, च्या टाकतीस का वाईच? घरात कुनी न्हाय आता.”

मी हसले. मला ती चेष्टा वाटली. पण त्यांनी चहा माझ्या हातून घेतला, बाईंच्या बाजूला मान वळवली नाही, आणि जाताना उंबऱ्यात थांबून मला म्हणाले, “एकटी ऱ्हाऊ नगंस लई दिवस. बाईच्या मागं घर लई मोटं वाटंल.” बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

“नाटकी आहे,” बाई म्हणाल्या. पण त्या दुपारी त्यांनी फीत लावली नाही.

पुढे अप्पा दोनदा आले. दोन्ही वेळा तसंच. ज्याच्यापुढे पद म्हटलं तो गेला. तो समोर दिसतो म्हणून गेलेला नाही असं त्यांना म्हणता येत नव्हतं. म्हटलं असतं तर त्यांनी आजवर ज्यांच्यापुढे गायलं त्या सगळ्यांचं काय, असा त्यांचा हिशेब असावा. मी विचारलं नाही.

फीत पाठवण्यापूर्वी आम्ही एकदा ऐकली. सुरुवातीच्या मिनिटात, जिथे नुसती खोली असायला हवी होती तिथे, अगदी बारीक, दुरून आल्यासारखी बाईंच्या नावाची हाक ऐकू आली. अप्पा गायला लागण्याच्या आधी. फीत गुंडाळून उन्हात राहिली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो, हे मला पुढे कुणीतरी समजावून सांगितलं. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं की नाही, कळलं नाही. त्यांनी ते मिनिट पुन्हा लावलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, “आधीच बोलावलेलं दिसतंय.”

तपासणीसाठी मुंबईहून अधिकारी आले ते जूनच्या आरंभी. सौम्य गृहस्थ होते, सारखा रुमालानं मानेचा घाम पुसत. त्यांची जीप गल्लीत शिरली नाही, म्हणून ते चालत आले. बाईंना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार टपालानं. अप्पांना बोलावून घेतलं होतं. ते दाराशी एकतारी ठेवून भिंतीला टेकून बसले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

“पद उत्तम आहे,” अधिकारी म्हणाले. “असं आमच्याकडे दुसरं आलेलं नाही. पण एक शंका आहे. नियम असा की गाणं मूळ प्रसंगी गायलेलं हवं. मुद्दाम करवून घेतलेलं चालत नाही, बाद होतं. आता या पदात मयताचं म्हणून जे नाव येतं, तेच कागदावर संग्राहिकेचं आहे. हे कसं?”

“ज्याच्यापुडं म्हनायचं त्येचंच नाव घ्यावं लागतंय सायेब,” अप्पा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हंजे बाई गेल्या.”

ते खोटं बोलत आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही इथं राहता. पत्रं तुमच्याच हातची. खरं काय ते सांगा.”

मी आयुष्यात मोठं खोटं कधी बोलले नव्हते. आमच्या वडिलांनी मला कॉलेजात पाठवताना एवढंच सांगितलं होतं, की शिकून लबाड होऊ नकोस. मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, अप्पांच्या गळ्याकडे बघत होत्या. अप्पा तेव्हा आवंढा गिळत होते, आणि त्यांना तो गिळता येत नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “चैत्रात गेल्या.”

“अरेरे. काय झालं होतं?”

दारातून बाईच म्हणाल्या, “बसल्या बसल्या गेल्या.”

“आपण कोण?”

“मी स्वयंपाकाला असते. सरबत घेणार ना?”

अधिकारी हळहळले. मग त्यांनी विचारलं, यंत्र कुणी चालवलं? मी म्हणाले, मी. एवढं तरी खरं होतं. त्यांनी अर्ज काढला आणि माझ्यापुढे सरकवला. संग्राहिकेच्या नावाआधी ‘कै.’ लिहून द्या, म्हणजे शंका उरणार नाही. मी पेन हातात घेतलं. अक्षर काही केल्या उमटेना. बाई सरबताचे पेले घेऊन माझ्या मागे आल्या, वाकून पाहिलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, “नीट काढ. छापलं जाणार आहे.”

मी लिहिलं.

त्यानंतर काय होणार ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बाईंच्या आलं असावं, कारण त्या आधीच पुसायचं फडकं घेऊन उभ्या होत्या. संग्राहक हयात नसल्यास यंत्र आणि फिती कचेरीत जमा करायच्या असतात. अधिकाऱ्यांनी फार संकोचानं सांगितलं. करकंबच्या म्हातारीचा डबा, बाकीचे सगळे डबे, आणि ते करडं यंत्र, जीपच्या ड्रायव्हरनं तीन खेपांत नेलं. बाईंनी यंत्र पुसून दिलं. चाकांच्या मधली धूळही काढली.

“सांभाळून न्या,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “धक्का लागला की ओरडतं.”

तबकडी दिवाळीच्या सुमाराला आली. वेष्टणावर अप्पांचं नाव होतं, आणि खाली लहान अक्षरांत ‘संग्राहिका: कै.’ आणि पुढे बाईंचं नाव. बाईंनी त्यावर बोट फिरवलं. “टाइप बरा आहे,” त्या म्हणाल्या. घरात ती वाजवायला काही नव्हतं. दुपारी आता घर इतकं शांत असायचं की मला गल्लीच्या तोंडाशी थांबावं लागत नसे, आणि तरी मी थांबायची. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली. तेवढाच आवाज.

अप्पांची प्रत द्यायला मी एस.टी.नं त्यांच्या गावी गेले. मान्यतेचं पत्र त्यांना मिळालं होतं, औषध सुरू होतं. आवाज मात्र पार बसला होता, कुजबुजल्यासारखं बोलत होते. तबकडी त्यांनी उन्हात धरली, तीत स्वतःचं तोंड पाहिलं.

“बाईचं नाव कुटं हाय?”

मी दाखवलं. त्यांनी वेष्टण कपाळाला लावलं. मग मला जवळ बोलावलं.

“पोरी, सपनात येत्यात का बाई?”

मी थोडा विचार केला. “येतात.”

“मग एक इचारशील? म्हनावं, तितं कसं हाय?”

मी घरी आले तेव्हा बाई परातीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला वाटलं, सांगू नये. पण निरोप होता, सांगितला. मला वाटलं होतं, त्या अप्पांना नाटकी म्हणतील. त्या हसल्या नाहीत. बोटं परातीत फिरत राहिली. घड्याळ वाजत होतं.

“सांग त्यांना,” त्या म्हणाल्या, “ऊन एवढंच आहे. पण दुपार फार लांबते.”

पुढच्या रविवारी मी परत गेले आणि अप्पांना तेच शब्द सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाले,

“बरूबर हाय. समदे तसंच सांगत्यात.”